हसऱ्या चित्रांतून वाचनाकडे

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० साली झाली. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांमध्ये त्याची गणना होते. ज्या शहराला अशी ग्रंथपरंपरा आहे आणि ज्याच्याशी कुसुमाग्रजांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या शहराला वाचनाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. तथापि पुस्तकाच्या पहिल्या पानावरूनच मागे फिरणारे मूल या शहरातही आहे आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील पाड्यांवरही आहे. त्याला अक्षरे येतात. धडा वाच म्हटले की ते अडखळत का होईना, वाचते. परंतु सांगितल्यावाचून ते पुस्तक हाती घेत नाही. अशा मुलाला पुस्तकाकडे वळवायचे कसे, हा पालक, शिक्षक व ग्रंथपाल या तिघांपुढचा प्रश्न आहे.

या प्रश्नावर एक साधा, कमी खर्चाचा आणि अनुभवाला उतरलेला उपाय आहे. तो म्हणजे विनोदी सचित्र पुस्तके. मात्र हा उपाय करमणुकीचा म्हणून दुर्लक्षिला जातो, किंवा मुलाला गप्प बसविण्यासाठी वापरला जातो. अशी पुस्तके नेमके काय साधतात, ती कशी निवडावीत आणि वर्गात व ग्रंथालयात त्यांचा उपयोग कसा करावा, याचा विचार येथे केला आहे.

अडते कोठे?

न वाचणारी सर्व मुले एकसारखी नसतात. काहींना अक्षरओळखच पक्की झालेली नसते. काहींना अक्षरे येतात, पण वाचनाचा वेग फारच कमी असतो. काहींना चांगले वाचता येते, पण वाचण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नाही. पहिल्या गटाला अक्षरांचा सरावच दिला पाहिजे. त्याला दुसरा पर्याय नाही. विनोदी सचित्र पुस्तकांचा खरा उपयोग होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील मुलांना.

दुसऱ्या गटातील मुलाची अडचण समजून घेण्यासारखी आहे. देवनागरी लिपी उच्चाराशी प्रामाणिक असली, तरी नवशिक्या वाचकाच्या डोळ्यांना ती बरेच काम देते. काना अक्षरानंतर येतो, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, उकार खाली असतो आणि मात्रा वर. एकच 'र' घ्या. 'सूर्य' या शब्दात तो डोक्यावर चढतो, 'चक्र' या शब्दात अक्षराच्या अंगाला चिकटतो आणि 'राष्ट्र' या एकाच शब्दात दोन वेगवेगळी रूपे धारण करतो. प्रत्येक जोडाक्षराशी मूल थांबते. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरली जाते. मनाची सारी शक्ती अक्षरे जुळविण्यात खर्च झाल्यामुळे अर्थासाठी काही उरतच नाही. अर्थ लागत नाही म्हणून आनंद नाही, आनंद नाही म्हणून वाचन नाही आणि वाचन नाही म्हणून वेग नाही, असे हे चक्र फिरत राहते.

या चक्राची किंमत मोठी आहे. पहिली-दुसरीत वाचन हा अनेक विषयांपैकी एक विषय असतो. पाचवीपासून ते सर्वच विषयांचे साधन बनते. इतिहासाचा धडा, विज्ञानाचा प्रयोग, इतकेच नव्हे तर गणितातील शाब्दिक उदाहरणही वाचूनच समजून घ्यावे लागते. जे मूल वाचनात मागे राहते, ते हळूहळू सगळ्याच विषयांत मागे पडते. आपल्याला काही येत नाही अशी त्याची समजूत होते आणि ती त्याला शाळेपासून दूर नेते. केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात प्रत्येक मुलाला तिसरीअखेर समजपूर्वक वाचता आले पाहिजे, असे उद्दिष्ट ठेवले गेले ते याच कारणाने.

नाशिक जिल्ह्यात या अडचणीला आणखी एक पदर आहे. पेठ-सुरगाण्याकडील अनेक आदिवासी घरांत कोकणा बोली बोलली जाते, तर बागलाण-मालेगाव परिसरातील अनेक घरांत अहिराणी. तेथील मुलाला पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही घरच्या भाषेहून काहीशी वेगळी वाटते. अक्षरे जुळवून उच्चारलेला शब्द ओळखीचा निघेलच असे नाही. अशा वेळी चित्र त्याच्या मदतीला येते. शब्द अनोळखी असला तरी चित्रातील रागावलेली म्हातारी, पळणारे कोकरू किंवा चिखलात रुतलेली बैलगाडी त्याने पाहिलेली असते. शब्दाचा अर्थ तो चित्रावरून लावतो आणि पुढच्या वेळी तोच शब्द चित्रावाचूनही ओळखतो.

विनोद काय करतो?

चित्र मदत करते हे खरे. पण मग विनोदच कशासाठी? कोणतेही सचित्र पुस्तक का चालू नये? याचे उत्तर असे, की हसू ही अर्थ समजल्याची पावती आहे. धडा वाचून झाल्यावर 'समजले का?' असे विचारले तर न समजलेले मूलही मान डोलावते. विनोद वाचून हसण्याचे सोंग मात्र फार वेळ करता येत नाही. ज्याला कळले तो हसतो. ज्याला कळले नाही तो शेजाऱ्याला विचारतो, किंवा तीच ओळ पुन्हा वाचतो. पुन्हा वाचण्याची ही इच्छा आतून येते, आणि अडखळणाऱ्या वाचकाला नेमकी तीच हवी असते.

दुसरे असे, की विनोदाचे बक्षीस लवकर मिळते. कादंबरीचा रस लागण्यासाठी वीस-पंचवीस पाने धीर धरावा लागतो. चार चौकटींच्या चित्रमालिकेत चौथ्या चौकटीशी हसू असते. ज्या मुलाला दहा ओळी वाचण्याचेही कष्ट पडतात, त्याला त्या कष्टांचे फळ पानाच्या शेवटी मिळाले तर ते पान उलटते.

तिसरी गोष्ट भीतीची आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाने वर्गात अनेकदा इतरांचे हसू सोसलेले असते. पुस्तक म्हणजे फजितीची जागा, अशी गाठ त्याच्या मनात बसलेली असते. विनोदी पुस्तकात फजिती होते ती पुस्तकातील पात्राची. मूल प्रथमच हसणाऱ्यांच्या बाजूला बसते आणि त्याच्या मनातील ती गाठ सैल होऊ लागते.

चित्र आणि शब्द यांची भागीदारी

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. सर्वच सचित्र विनोदी पुस्तके वाचनाला सारखीच उपकारक नसतात. काही पुस्तकांत चित्रच सर्व काही सांगून टाकते. मूल पाने चाळते, हसते आणि एकही शब्द न वाचता पुस्तक मिटते. काही पुस्तकांत चित्र ही केवळ सजावट असते. ते काढून टाकले तरी काही बिघडत नाही. ज्या पुस्तकात चित्र आणि शब्द यांपैकी कोणीही एकटे पुरेसे नसते, ते पुस्तक या कामासाठी सर्वोत्तम.

एक उदाहरण घेऊ. पानावर वाक्य आहे: 'बंडू अगदी शांतपणे अभ्यास करीत होता.' वरच्या चित्रात बंडू आंब्याच्या झाडावर उलटा लटकला आहे, वही खाली शेळी खात आहे आणि दारातून आजी काठी घेऊन येत आहे. केवळ चित्र पाहिले तर एक खोडकर मुलगा दिसतो. केवळ वाक्य वाचले तर एक गुणी मुलगा दिसतो. दोन्ही एकत्र आली म्हणजे विनोद तयार होतो. तो हवा असेल तर 'शांतपणे' हा शब्द वाचल्यावाचून गत्यंतर नाही. मूल तो शब्द वाचते, चित्राकडे पाहते, पुन्हा शब्दाकडे येते आणि हसते. या जाण्यायेण्यात ते एक मोठी गोष्ट शिकते. लेखक जे म्हणतो त्याच्या पलीकडेही काही असते, हे त्याला उमगते. पुढे गंभीर साहित्य वाचताना हीच जाण उपयोगी पडते.

अनंत पै यांनी १९८० साली सुरू केलेल्या 'टिंकल' या इंग्रजी बालनियतकालिकातील दोन पात्रांवरून हा भेद अधिक स्पष्ट होईल. वसंत हळबे यांच्या रेखाटनांनी परिचित झालेला शिकारी शंभू हा भित्रा शिकारी. डोळ्यांवर आलेली टोपी आणि थरथरणारे पाय यांतूनच निम्मा विनोद साधतो. सुप्पांडी हा मालकाचा प्रत्येक हुकूम शब्दशः पाळणारा नोकर. मालक नेमके काय म्हणाला हे वाचल्याखेरीज त्याच्या मूर्खपणाची गंमत कळत नाही. नुकत्याच वळू लागलेल्या वाचकाला पहिल्या प्रकारचे पुस्तक जवळ आणते, तर दुसऱ्या प्रकारचे पुस्तक त्याला वाचायला लावते. शिक्षकाने हा क्रम ध्यानात ठेवावा.

आपल्याकडील परंपरा

मुलांना शिकविण्यासाठी चित्रांची मदत घेण्याची कल्पना नवी नाही. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ सालीच मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक सिद्ध केले होते. बंगालमध्ये सुकुमार राय यांनी 'आबोल ताबोल' या १९२३ च्या संग्रहात स्वतःच्या निरर्थक-गमतीदार कवितांना स्वतःच चित्रे काढली आणि बंगाली मुलांच्या पिढ्यान् पिढ्या त्यावर वाढल्या. अमेरिकेत १९५० च्या दशकात शाळेतील वाचनपुस्तके नीरस असल्यामुळे मुले वाचत नाहीत, अशी टीका झाली. तिला उत्तर म्हणून डॉ. स्यूस या लेखक-चित्रकाराने १९५७ साली टोपीवाल्या मांजराचे पुस्तक लिहिले. त्यात केवळ २३६ वेगवेगळे शब्द वापरले आहेत. मोजक्या शब्दांत धमाल करता येते हे त्याने सिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीत 'चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक शंकर हे भारतातील एक थोर व्यंगचित्रकार होते, ही गोष्टही सूचक आहे.

मराठीत या परंपरेचे अनेक टप्पे आहेत. वा. गो. आपटे यांनी १९०६ साली सुरू केलेल्या 'आनंद' मासिकाने मुलांच्या वाचनाची पायाभरणी केली. १९५२ पासून मराठीत येऊ लागलेल्या 'चांदोबा'ने पानोपानी रंगीत चित्रे देऊन खेड्यापाड्यांतील मुलांना गोष्टींचे वेड लावले. विंदा करंदीकरांनी 'एटू लोकांचा देश', 'पिशी मावशी आणि तिची दुनिया' यांसारख्या पुस्तकांतून मुलांना तर्काच्या उलट्या-सुलट्या उड्या मारायला शिकविले.

शि. द. फडणीस यांचे कार्य या संदर्भात विशेष मोलाचे आहे. १९५२ च्या 'मोहिनी' दिवाळी अंकासाठी त्यांनी काढलेले मुखपृष्ठ प्रसिद्ध आहे. तरुण आणि तरुणी यांच्या कपड्यांवरील उंदीर व मांजरे, एवढ्यावरच त्यातील विनोद उभा आहे. खाली एक शब्दही नाही. हेच फडणीस पुढे 'बालभारती'च्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रे काढू लागले, तेव्हा मुलांच्या धास्तीचा विषय असलेल्या गणिताच्या पानांवर प्रथमच हसू उमटले. शासनाच्या पाठ्यपुस्तकात हास्यचित्राला स्थान मिळाले आणि त्यामुळे विषयाचे गांभीर्य कमी झाले नाही, हा अनुभव आजही मार्गदर्शक ठरावा.

'बालभारती'नेच नोव्हेंबर १९७१ मध्ये 'किशोर' हे मासिक सुरू केले. कथा, कविता, कोडी आणि चित्रे यांनी नटलेले हे मासिक अल्प किमतीत घरोघरी पोहोचले. त्याचे जुने अंक आता संगणकावर व मोबाईलवर विनामूल्य वाचता येतात. ज्या शाळेजवळ ग्रंथखरेदीसाठी पैसा नाही, तिच्यासाठी हा मोठाच ठेवा आहे.

मात्र न वाचणाऱ्या, वयाने थोड्या मोठ्या मुलासाठी मराठीतील सर्वांत हुकमी साधन कोणते, असे विचारल्यास 'चिंटू'चे नाव घ्यावे लागेल. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका २१ नोव्हेंबर १९९१ पासून 'सकाळ'मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. पुढे तिचे अनेक संग्रह निघाले आणि २०१२ साली तिच्यावर चित्रपटही आला. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या ही मुले घरात, अंगणात आणि शाळेत जे करतात, तेच वाचणारे मूल करीत असते. संवाद रोजच्या बोलण्यातले, एका फुग्यात दोन-तीन ओळी आणि तीन-चार चौकटींत प्रसंग संपलेला. शिवाय पुस्तक बालवाडीचे दिसत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्या टायपातील 'ससा आणि कासव' दिले तर त्याला तो अपमान वाटतो. 'चिंटू' हाती धरायला त्याला संकोच वाटत नाही, कारण मोठी माणसेही तो वाचतात.

लहान मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके अवश्य पाहावीत. लेखन व चित्रे दोन्ही त्यांचीच असल्यामुळे शब्द आणि चित्र यांचा मेळ उत्तम साधतो. त्यांतील विनोद मोठ्याने हसविणारा नाही. घरातील साध्या प्रसंगांतून तो हळूच डोकावतो. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला.

पुस्तक निवडताना

शाळेने किंवा ग्रंथालयाने पुस्तके निवडताना केवळ रंगीत मुखपृष्ठावर जाऊ नये. पुढील गोष्टी पडताळून पाहाव्यात.

पहिली गोष्ट, विनोद कळण्यासाठी शब्द वाचावे लागतात का? दोन पाने उघडून, मजकूर हाताने झाकून चित्र पाहावे. सारी गंमत चित्रातच संपत असेल तर ते पुस्तक वाचनापेक्षा चित्रवाचनासाठी अधिक योग्य समजावे.

दुसरी गोष्ट, हसू कोणावर आहे? काळा रंग, जाडी, तोतरेपणा, गरिबी किंवा गावाकडची बोली यांवर हसविणारी पुस्तके बाजारात आहेत. वर्गातील एखाद्या मुलाला ते हसू आपल्यावरचे वाटले, तर ते पुस्तकाकडे वळण्याऐवजी कायमचे दुरावेल. जेथे गर्विष्ठाची, लबाडाची किंवा मोठेपणा मिरविणाऱ्याची फजिती होते, तेथील विनोद निरोगी असतो.

तिसरी गोष्ट, अक्षरांची. फुग्यांतील अक्षरे बारीक व दाटीने छापलेली असतील, हाती लिहिलेली अक्षरे दुर्बोध असतील किंवा गडद रंगावर काळा मजकूर असेल, तर अडखळणाऱ्या वाचकाला ते पुस्तक जड जाते. ओळी लहान आणि शब्दांमधील अंतर पुरेसे असावे. चौकटी कोणत्या क्रमाने वाचावयाच्या हेही सहज कळले पाहिजे.

चौथी गोष्ट, भाषेची. अनुवादित पुस्तकांत कित्येकदा मूळ भाषेतील शाब्दिक कोटी मराठीत तशीच उतरविलेली असते आणि ती कोणालाच हसवीत नाही. खरेदीपूर्वी एखादे पान मुलांसमोर वाचून पाहावे. मुले हसली नाहीत तर ते पुस्तक घेऊ नये. या बाबतीत मुलांइतका प्रामाणिक परीक्षक नाही.

वर्गात आणि ग्रंथालयात

चांगली पुस्तके आणली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली, तर त्यांचा उपयोग शून्य. शिक्षण हक्क अधिनियम २००९ नुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे व त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असणे आवश्यक आहे. परंतु पुस्तक फाटले तर जबाबदार कोण, या भीतीने अनेक ठिकाणी ती मुलांच्या हाती पडत नाहीत. फाटलेले पुस्तक हे वाचले गेल्याचे लक्षण आहे. ते चिकटपट्टी लावून पुन्हा मांडणीवर ठेवता येते. न वाचता पिवळे पडलेले पुस्तक मात्र खरोखरच वाया गेलेले असते.

पुस्तके मांडताना कणा नव्हे, तर मुखपृष्ठ मुलांना दिसेल अशी ठेवावीत. त्यासाठी मोठ्या फर्निचरची गरज नाही. वर्गाच्या एका भिंतीशी सुतळी बांधून तिच्यावर पुस्तके उघडी अडकविली तरी पुरे. रोज पंधरा मिनिटे वाचनासाठी राखून ठेवावीत आणि त्या वेळात शिक्षकानेही स्वतः वाचत बसावे.

सुरुवातीला शिक्षकाने एखादे पान मोठ्याने, आवाजात चढउतार करीत वाचावे आणि गंमत ऐन रंगात आली की थांबावे. पुढे काय झाले हे जाणून घेण्यासाठी पुस्तक कोणी ना कोणी उचलतेच. संवादांच्या फुग्यांचे वाचन वाटून देता येते. एकाने चिंटू व्हावे, दुसऱ्याने मिनी, तिसऱ्याने आई. दोन ओळींचा संवाद नीट म्हणता यावा म्हणून मूल तो चार-पाच वेळा वाचते. हाच सराव 'धडा पाच वेळा वाच' असे सांगून करून घेतला असता तर ती शिक्षा ठरली असती.

वरच्या वर्गातील, वाचनात मागे पडलेल्या मुलासाठी एक युक्ती फार उपयोगी पडते. सातवीतील मुलाला पहिली-दुसरीच्या मुलांना गमतीचे पुस्तक वाचून दाखविण्याचे काम द्यावे. सोपे पुस्तक हाती घेण्यात एरवी त्याला कमीपणा वाटला असता. आता ते त्याचे सन्मानाचे काम होते. आदल्या दिवशी तो त्याची तयारी करतो. लहान मुले हसली की आपल्यालाही वाचता येते हे त्याला प्रथमच कळते.

काही गोष्टी टाळणेही तितकेच महत्त्वाचे आहे. गोष्ट संपताच 'तात्पर्य काय?' असे विचारू नये. प्रत्येक पुस्तकावर प्रश्नोत्तरे लिहावयास लावू नयेत. तेच पुस्तक मूल दहाव्यांदा नेत असेल तर नेऊ द्यावे, कारण ओळखीच्या मजकुरावरच वेग वाढतो. आवडले नाही म्हणून पुस्तक अर्धवट परत करण्याचीही मुभा असावी. मोठी माणसे तरी सगळीच पुस्तके कोठे शेवटपर्यंत वाचतात?

मुलांनी स्वतः चित्रमालिका तयार करणे हा पुढचा टप्पा. एका कागदाची दोनदा घडी घातली की चार चौकटी होतात. शाळेच्या वाटेवर घडलेली एखादी फजिती त्यांत काढावी आणि फुग्यांत बोलणे लिहावे. येथे कोकणा किंवा अहिराणीतील संवाद आवर्जून लिहू द्यावेत. आपल्या घरची भाषाही कागदावर उतरू शकते, हे पाहून मुलाला जो आनंद होतो तो कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठा असतो. प्रमाण मराठीकडे येण्याची वाटही त्यातूनच सुलभ होते.

नाशिकची साधने

या कामासाठी नाशिक जिल्ह्याजवळ साधनांची वानवा नाही. शहरात सार्वजनिक वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली गावोगावी मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी राहिली आहेत. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. वाचकाने ग्रंथालयात येण्याऐवजी ग्रंथांनीच पेटीत बसून वाचकांकडे जावे, ही त्यामागची कल्पना. वाचकांच्या एका गटाकडे पुस्तकांची पेटी जाते, ठरावीक मुदतीनंतर ती दुसऱ्या गटाकडच्या पेटीशी बदलली जाते आणि अशा रीतीने थोड्या खर्चात पुष्कळ पुस्तके पुष्कळांपर्यंत पोहोचतात. नाशिकमध्ये रुजलेला हा उपक्रम जिल्ह्याच्या व देशाच्याही सीमा ओलांडून गेला.

ही पेटीची पद्धत शाळांनी उचलण्याजोगी आहे. एका केंद्रातील दहा शाळांनी प्रत्येकी पंचवीस निवडक विनोदी सचित्र पुस्तकांची एक पेटी केली आणि दर महिन्याला ती पुढच्या शाळेकडे पाठविली, तर वर्षभरात प्रत्येक मुलापुढे अडीचशे पुस्तके येतील, आणि खर्च पंचवीस पुस्तकांचाच राहील. आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालय नाशिक येथेच आहे. आश्रमशाळांतील मुले संध्याकाळीही शाळेच्याच आवारात असतात. संध्याकाळच्या मोकळ्या तासात अशी पेटी उघडली, तर तिचा लाभ दुप्पट होईल.

छापील पुस्तके अपुरी पडत असतील तर 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळाचाही उपयोग करता येतो. तेथे मराठीसह अनेक भाषांतील सचित्र पुस्तके वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेली असून ती विनामूल्य वाचता व छापून घेता येतात. तथापि पडद्यावरील पान आणि हातातील पान यांत फरक आहे. ज्या मुलाच्या घरी एकही पुस्तक नाही, त्याच्या दप्तरात रात्रीपुरते एक पुस्तक जाणे ही गोष्ट वेगळीच असते.

आक्षेप आणि मर्यादा

'असली पुस्तके वाचून मुलाला गंभीर वाचनाची सवय कशी लागणार?' असा प्रश्न पालक विचारतात. तो अगदीच चुकीचा नाही. विनोदी चित्रपुस्तक ही पायरी आहे, मुक्काम नव्हे. परंतु पायरी काढून घेतली म्हणजे मूल एकदम माडीवर पोहोचते, असेही नाही. 'चिंटू'च्या चार चौकटींत रमलेल्या मुलाला पुढे दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' द्यावा. त्यात खोडकर नायक तोच, पण मजकूर अधिक आणि चित्रे कमी. त्यानंतर ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. तेथून चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावापर्यंतची वाट फार लांब नाही. प्रत्येक पायरीवर चित्र थोडे कमी आणि शब्द थोडे अधिक होत जातात, हसू मात्र कायम राहते. हा क्रम जाणून पुढचे पुस्तक योग्य वेळी पुढे करणे, हेच शिक्षकाचे व ग्रंथपालाचे खरे कौशल्य.

या उपायाला मर्यादाही आहेत. मुलाला फळ्यावरचे दिसत नसेल, ते पुस्तक डोळ्यांजवळ धरीत असेल, तर आधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याचे काम पुस्तक करू शकत नाही. पुष्कळ सराव करूनही अक्षरांची अदलाबदल होत असेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. त्यासाठी तज्ज्ञांचा सल्ला आवश्यक आहे. अशा मुलाला आळशी ठरविणे हा त्याच्यावर अन्याय होईल. आणि घरात कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या मुलाला वाचायला वेळच मिळत नसेल, तर शाळेनेच शाळेच्या वेळात ती सोय केली पाहिजे.

'संस्कारक्षम' पुस्तकांच्या यादीत विनोदी पुस्तकांना शेवटचे स्थान देण्याची आपली सवय आता बदलली पाहिजे. शाळेची ग्रंथखरेदी होते तेव्हा थोरांची चरित्रे व बोधकथा प्रथम घेतल्या जातात. त्या असाव्यातच. पण त्या वाचण्याइतकी गोडी आणि वेग ज्याला लाभलेला नाही, त्या मुलाच्या दृष्टीने ते कपाट बंदच असते. ते त्याच्यासाठी उघडायचे तर प्रत्येक खरेदीत काही हिस्सा हसऱ्या पुस्तकांसाठी राखून ठेवावा, निवडीच्या वेळी मुलांना बरोबर घ्यावे आणि आलेली पुस्तके त्याच दिवशी त्यांच्या हाती द्यावीत. दरवर्षी १५ ऑक्टोबरला शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी एखादे भाषण कमी झाले आणि वर्गात एकदा खदखदून हसू उमटले, तर तो दिवस अधिक सार्थकी लागेल.